नांगर कुठे टाकायचा

भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी नसल्यातच जमा. सार्डिनियाच्या किनाऱ्याला पाणी चढतं-उतरतं ते वीत-दीड वीत. मी दाभोळच्या खाडीकाठचा. आमच्याकडे उधाणाच्या दिवशी जिथे होडी डुलत असते, तिथेच सहा तासांनी ती चिखलात कलंडलेली दिसते. मासळीचा लिलाव, तरीची फेरी, कालवं काढायला जायची वेळ, सगळं पाण्याला विचारून ठरतं. त्यामुळे पोर्तो चेर्वोच्या धक्क्याला दोर बांधताना माझे हात सवयीने ढील सोडायला जायचे. तिथे त्याची गरज नव्हती. पाणी होतं तिथेच राहणार होतं. जे काही बदलणार, बिघडणार, पळवणार, तो सगळा वारा.

हे बेट मी पर्यटक म्हणून पाहिलेलं नाही. मालवाहू जहाजांवर बरीच वर्षं काढली आणि मग एका ओळखीच्या कॅप्टनच्या शब्दावर चार्टर यॉटवर मेट म्हणून लागलो. त्यानंतर उन्हाळ्यामागून उन्हाळे सार्डिनियाच्या ईशान्य कोपऱ्यात, ओल्बियापासून बोनिफाचोच्या सामुद्रधुनीपर्यंत, मागेपुढे करत राहिलो. सिसिलीनंतर भूमध्य समुद्रातलं हे सगळ्यांत मोठं बेट. किनारा १,८०० किलोमीटरहून लांब. त्यातला एवढासा तुकडा मला ओळखू येतो, आणि तोही खालून: कुठे वाळू, कुठे खडक, कुठे गवत. वरचं बेट पाहुण्यांचं.

यॉट म्हटलं की आपल्याकडे शीड डोळ्यांपुढे येतं. आमची दोन डिझेल इंजिनांची, पांढरीशुभ्र, चाळीस मीटरच्या आतली बोट होती. वर कॅप्टन, इंजिनिअर, शेफ, दोन स्ट्युअर्डेस, एक डेकहँड आणि मी. इंजिनिअर मडगावचा, त्यामुळे रात्रीच्या पाळीला कोंकणी-मराठीत चार शिव्या देता यायच्या. पाहुणे जास्तीत जास्त बारा. हा आकडा कुणाच्या ऐषआरामासाठी ठरलेला नाही. बारापेक्षा जास्त प्रवासी घेतले की आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ती प्रवासी जहाज ठरते आणि सुरक्षेची सगळी गणितं बदलतात. तेरावा भाचा धक्क्यावर बॅग घेऊन उभा राहिला की हे समजावणं कठीण जातं.

व्यवहार असा असतो. आठवड्याचं जे भाडं ठरतं ते बोटीचं आणि माणसांचं. डिझेल, किराणा, वाइन, बंदराचा आकार हे सगळं वेगळं. त्यासाठी भाड्याच्या साधारण तीस टक्के रक्कम आधीच कॅप्टनकडे जमा होते. तिला सगळे एपीए म्हणतात. कॅप्टन पावती-पावतीचा हिशेब ठेवतो आणि शेवटी उरलं तर परत करतो, संपलं तर मागून घेतो. त्याआधी पाहुण्यांकडून आवडीनिवडीचा कागद येतो: कोणाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी, कोणाला कुठलं पाणी, उशी मऊ की कडक, आणि शेवटी कुठे कुठे जायचं आहे. हा शेवटचा रकाना मी नेहमी आधी वाचायचो. दलालाच्या चकचकीत पुस्तिकेत लिहिलेलं असतं की जगाला मागे टाका, वाटेल तिथे नांगर टाका. लोक त्या स्वातंत्र्याचे पैसे मोजून येतात. आमचं निम्मं काम म्हणजे त्यांना ‘तिथे नाही’ आणि ‘आत्ता नाही’ हे सांगणं, तेही ‘नाही’ हा शब्द तोंडातून न काढता.

यातला सर्वांत मोठा नकार वाऱ्याचा. वायव्येकडून येणारा तो माएस्त्राले. फ्रेंच लोक त्याला मिस्त्राल म्हणतात. फ्रान्समधल्या ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून उतरतो, समोरच्या आखातावर मोकळा सुटतो आणि कॉर्सिका-सार्डिनियाच्या मधल्या बोनिफाचोच्या सामुद्रधुनीत घुसतो. तिची रुंदी सगळ्यात अरुंद जागी जेमतेम १२ किलोमीटर, दोन्हीकडे डोंगर. कोंडलेला वारा तिथे आणखी पेटतो. बाहेर वीस-बावीस नॉट असला तर आत तिशी ओलांडतो आणि उन्हात चमकणारं निळं पाणी बघता बघता पांढरं होतं.

कोकणातल्या माणसाला यात पचायला जड जातं ते आभाळ. आपल्याकडे वादळ म्हणजे काळवंडलेलं क्षितिज, दमट हवा, उडत आलेले कावळे, पाऊस. माएस्त्रालेच्या दिवशी आभाळ धुऊन काढल्यासारखं लख्ख असतं. हवा इतकी स्वच्छ की कॉर्सिकाचे डोंगर हाताशी आल्यासारखे वाटतात. पाहुणे वरच्या डेकवर येतात, म्हणतात, काय सुंदर दिवस आहे, चला बोनिफाचोला. आणि आम्ही सकाळपासून गाद्या आत ओढतोय, छत्र्या उतरवतोय, टेंडर, म्हणजे सोबतची छोटी बोट, आवळून बांधतोय. उघड्या निळ्या आभाळाकडे बोट दाखवून ‘आज वादळ आहे’ म्हणणारा माणूस त्यांना काम टाळणारा वाटतो.

अशा वेळी कॅप्टन त्यांना सेमियांतची गोष्ट सांगायचा. ही फ्रेंच आरमाराची फ्रिगेट. १८५५ च्या फेब्रुवारीत क्रिमियाच्या युद्धावर सैनिक घेऊन तुलाँहून निघाली आणि याच सामुद्रधुनीत, लाव्हेझ्झीच्या खडकांवर आपटून फुटली. वरच्या सातशेच्या आसपास माणसांपैकी एकही वाचला नाही. लाव्हेझ्झीच्या बेटावर त्यांची दोन दफनस्थानं आहेत, आणि त्यांच्यापासून जवळच आज लोक मास्क लावून मासे बघत पोहतात. गोष्ट संपली की कॅप्टन थोडं थांबायचा आणि म्हणायचा, “तुमच्यासाठी मी दक्षिणेला एक फार छान खाडी शोधून ठेवली आहे.” ती खाडी शोधलेली वगैरे नसायची. माएस्त्राले सुटला की त्या भागातली निम्मी जहाजं तिथेच येतात.

वारा रोज ऐकायचा. इटलीच्या किनाऱ्यावर व्हीएचएफच्या ६८ नंबरच्या चॅनलवर हवामानाची वार्ता अखंड चालू असते. यंत्राचा आवाज, आधी इटालियन, मग इंग्रजी. चार दिवस ऐकलं की त्यातली समुद्रांची नावं पाठ होतात. वायव्येचा वारा असला की बेटाची पूर्व बाजू आपली: काला दी व्होल्पे, किंवा आणखी खाली तावोलाराच्या डोंगराच्या आडोशाला. अर्ध्या किलोमीटरहून उंच चुनखडीची ती भिंत समुद्रातून सरळ वर आली आहे. वारा पूर्वेला किंवा आग्नेयेला फिरला की कालचा आडोसा आज उघडा पडतो. आग्नेयेचा शिरोक्को तर वर आणखी एक भेट आणतो. सहाराची तांबूस धूळ. त्यात दोन थेंब पाऊस पडला की अख्खी पांढरी बोट गेरूचा हात फिरवल्यासारखी होते. मग पहाटे साडेपाचला होज, ब्रश आणि शामीचं कापड घेऊन आम्ही दोघं, पाहुणे उठायच्या आत, आवाज न करता. काच पुसायची, रेलिंग पुसायचं, पाण्याचा एकही डाग वाळू द्यायचा नाही. चार्टर बोटीवरच्या माणसाचं हस्तकौशल्य कशात असतं असं कुणी विचारलं, तर मी म्हणेन, काम झालेलं दिसू न देण्यात.

वारा ठरवतो कुठल्या खाडीत जायचं. खाडीत नेमकं कुठे, हे तळ ठरवतो, आणि ते माझं काम.

वरून पाहिलं तर पाण्याचे दोन रंग दिसतात. फिकट पोपटी-निळा, तो वाळूचा. गडद, जवळजवळ काळपट, तो पोसिडोनियाचा. पाहुण्यांना ते शेवाळ वाटतं. ते शेवाळ नाही. मुळं, खोड, पानं, फुलं असलेली खरी वनस्पती आहे आणि फक्त भूमध्य समुद्रात सापडते. तिची मैदानं पाण्याखाली पसरलेली असतात. मासे तिथे अंडी घालतात, पिल्लं तिथे लपतात, वाळू ती धरून ठेवते. आडवी वाढते वर्षाला मोजके सेंटीमीटर. एक नांगर ओढला गेला की जी पट्टी उपटते ती भरून यायला माणसाचं आयुष्य पुरत नाही.

नुसता नांगरच नाही. आठ मीटर खोल पाण्यात आम्ही दोन शॅकल, म्हणजे पंचावन्न मीटर साखळी सोडायचो. साखळीचं वजनच बोटीला धरतं. नांगर शेवटच्या टोकाला. वारा फिरतो, बोट फिरते, आणि तळावर पडलेली ती साखळी एखाद्या प्रचंड कोयत्यासारखी अर्धवर्तुळ कापत जाते. म्हणून नांगर वाळूत पडला एवढ्याने भागत नाही. रात्री वारा बदलल्यावर साखळी जिथे जाईल तिथेही वाळूच हवी. हा हिशेब डोक्यात ठेवून मी पुढच्या टोकाला उभा राहायचो, डोळ्यांवर चकाकी कापणारा चष्मा, हातात रेडिओ. सूर्य वर असला तरच तळ वाचता येतो. संध्याकाळी पाचनंतर सगळं पाणी एकाच रंगाचं होतं. म्हणून कॅप्टनशी माझा एकच हट्ट असायचा: चारच्या आत पोहोचायचं. पाहुण्यांचं जेवण लांबलं, कुणाची डुलकी लांबली, की माझा जीव वर-खाली.

यात धर्म थोडा आणि स्वार्थ जास्त, हेही सांगायला हवं. गवतावर नांगर धरत नाही. पानांवरून घसरतो, मुळांत अर्धवट अडकतो, आणि पहाटे तीनला सुटतो. शिवाय कायदा आहेच. कॉर्सिकाच्या बाजूला, फ्रान्सच्या हद्दीत, २४ मीटरहून लांब बोटींना या गवतावर नांगर टाकायला मनाई आहे. मोडली तर कोर्टाची पायरी चढावी लागते. सार्डिनियाच्या बाजूला ला मादालेनाचा द्वीपसमूह १९९४ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. आत यायला परवाना, ठरावीक ठिकाणी बांधायला बोया, जेट-स्कीला बंदी. जेट-स्की बोटीवर असते, पुस्तिकेत तिचा फोटो असतो, पोरं पहिल्या दिवसापासून तिच्यावर डोळा ठेवून असतात. तिला आम्ही झाकण घालून ठेवायचो आणि पॅडल-बोर्ड आधीच फुगवून पाण्यात सोडायचो. समोर दिसणाऱ्या खेळण्यावर मूल रमतं. मोठी माणसंही.

वाळूवर येऊन पडलेली पोसिडोनियाची सुकी पानं हा आणखी एक रोजचा विषय. ब्राऊन गाद्यांसारखे थर असतात, पाय रुततो, वास येतो. पाहुणे टेंडरमधून उतरता उतरता नाक मुरडतात: इतक्या महागड्या किनाऱ्यावर हे कुणी झाडत नाही का? ते थरच हिवाळ्यातल्या लाटांचा मार सोसतात आणि वाळू वाहून जाऊ देत नाहीत. झाडले तर किनारा झिजतो. मी हे एक-दोन वाक्यांत सांगून पाहायचो. ऐकणाऱ्याचा चेहरा बघून पुढे जायचं की नाही ते ठरवायचो. बहुतेक वेळा टेंडर थोडं पुढे नेऊन खडकाजवळ उतरवायचो.

पण सगळ्यात जास्त वेळा मागितलेली जागा म्हणजे बुदेल्लीचा गुलाबी किनारा. स्पार्जी, रात्झोली, सांता मारिया यांच्या सोबतीचं हे छोटंसं बेट. मिनियासिना नावाचा लाल रंगाचा सूक्ष्म जीव पोसिडोनियाच्या आश्रयाने राहतो. त्याची कवचं फुटून किनाऱ्याच्या वाळूत मिसळतात आणि वाळू गुलाबी दिसते. आंतोनियोनीने १९६४ च्या ‘इल देझेर्तो रोस्सो’ या चित्रपटात हा किनारा दाखवला. पुढे लोक बाटल्या भरभरून वाळू नेऊ लागले. १९९० च्या दशकात तिथे उतरायला, पोहायलाही बंदी आली. मोदेनाहून आलेला माउरो मोरांदी नावाचा माणूस १९८९ मध्ये बोट बिघडल्यामुळे तिथे पोहोचला आणि राखणदार म्हणून २०२१ पर्यंत एकटा राहिला. २०२५ मध्ये तो गेला.

किनारा आता दुरूनच बघायचा. दुरून तो फारसा गुलाबी दिसत नाही, हे इंटरनेटवरच्या फोटोंनी कुणाला सांगितलेलं नसतं. एकदा एका पाहुण्याने मला सरळ विचारलं, “दंड किती? मी भरतो.” पैशाने सुटणारी आणि न सुटणारी अडचण यांत फरक असतो, हे त्या माणसाला बहुधा कुणी फारसं सांगितलेलं नव्हतं. मी म्हटलं, दंड तुम्ही भराल, पण बोटीचा उद्यानातला परवाना गेला तर उरलेले चार दिवस कुठे काढायचे? हे त्याला पटलं. खरं कारण वेगळं होतं, पण पटणारं कारण वापरायचं. वाळूचा कायदा तर २०१७ पासून साऱ्या बेटाला लागू आहे: वाळू, गोटे, शिंपले नेले तर ५०० ते ३,००० युरो दंड. २०१९ मध्ये एका फ्रेंच जोडप्याच्या गाडीत चाळीस किलो वाळू सापडली होती. तेव्हापासून स्ट्युअर्डेस केबिन आवरताना पोरांच्या बुटांतली वाळूसुद्धा डेकवरून पाण्यात झाडायची. तिचं बघून मीही झाडायला लागलो.

एका जुलैत लंडनला स्थायिक झालेलं एक मराठी कुटुंब आलं. सोबत पुण्याहून आणलेली आजी, ऐंशीच्या पुढची. माझ्या गणवेशावरचं नाव तिने चष्मा वर करून वाचलं.

“तू रे कुठला?”

“दाभोळचा, आजी.”

“अगं बाई! मग इथे काय करतोस?”

“नांगर टाकतो.”

“तो दाभोळला टाकता येत नाही?”

त्या आठवड्यात माझी बढती झाली. मी मेट होतोच, आता दुभाषाही झालो. आवडीनिवडीच्या कागदावर आजींच्या पुढे लिहिलं होतं: शाकाहारी, चातुर्मास. आमचा शेफ नापोलीचा. तो कागद घेऊन माझ्याकडे आला. चातुर्मास म्हणजे काय, हे मी त्याला सांगितलं: चार महिने कांदा नाही, लसूण नाही, वांगं नाही. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, म्हणजे टोमॅटो आहे ना? टोमॅटो होता, तुळशीच्या घराण्यातलं बेझिल होतं, फ्रेगोला नावाचा सार्डिनियाचा दाणेदार भाजका पास्ता होता. धनगरांची पाने काराझाऊ ही पातळ, कडक भाकरी होती, जी महिनोन् महिने टिकते. पेकोरीनो चीज आजींना फार आवडलं. मेंढीच्या दुधाचं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आणखी मागितलं तेव्हा मला राहवेना. ते विरजायला कोकराच्या पोटातला रस घालतात, हे मी जरा खाली वाकून सांगितलं. आजींनी तुकडा तोंडात टाकला. “हे तू मला सांगितलंच नाहीस,” म्हणाल्या. या धंद्यात इतक्या सफाईने विषय संपवणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

पोर्तो चेर्वोला संध्याकाळी धक्क्यावरून हिंडताना त्यांनी विचारलं, हे एवढं सगळं बांधलं कुणी? मी म्हटलं, आगाखान. त्या थांबल्याच. “आपल्या पुण्याचे?”

तेच घराणं. येरवड्याजवळचा आगाखान पॅलेस १८९२ मध्ये सुलतान महंमद शहांनी बांधला. १९४२ मध्ये गांधीजी, कस्तुरबा, महादेवभाई देसाई यांना तिथे स्थानबद्ध केलं. महादेवभाई आणि कस्तुरबा तिथेच गेले, दोघांच्या समाध्या तिथे आहेत. सुलतान महंमद शहांचे नातू प्रिन्स करीम. त्यांनीच १९६९ मध्ये तो पॅलेस भारताला देऊन टाकला, आणि त्याच्या सात वर्षं आधी, १९६२ मध्ये, सार्डिनियाच्या या ओसाड किनाऱ्यावर कोस्ता स्मेराल्दाचा संघ उभा केला. तेव्हा या भागाला मोंती दी मोला म्हणत. इथे गुरं-मेंढ्या चरायच्या. पोर्तो चेर्वो शंभर वर्षांचं मच्छीमारांचं गाव वाटावं असं बांधलंय: बुटकी घरं, मातकट रंग, वेडेवाकडे कोपरे. लुइजी व्हिएत्ती, जाक कुएल, मिकेले बुझीरी व्हिची या वास्तुविशारदांनी ते गावपण ठरवून घडवलं. आधी तिथे गाव नव्हतंच.

का नव्हतं, याचं उत्तर डासांत आहे. शतकानुशतकं सार्डिनियाचा किनारा म्हणजे हिवताप आणि समुद्रावरून येणारे लुटारू. शहाणा माणूस आत डोंगरात राहायचा. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ ते १९५० या काळात रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने डीडीटी मारून हिवताप हटवला, आणि किनारा राहण्याजोगा झाला. गाल्लुरातले, म्हणजे या ईशान्य कोपऱ्यातले लोक सांगतात, वाटणीत आतली चांगली जमीन मुलांना मिळायची आणि खडकाळ, खारवट किनारा मुलींना. पुढे भाव आला तो त्याच खडकाळ किनाऱ्याला. आजी हे ऐकून जितक्या खूश झाल्या तितक्या आख्ख्या पोर्तो चेर्वोवर झाल्या नव्हत्या.

या बेटालाही ‘नाही’ म्हणायची इच्छा अधूनमधून होते, हे मी तिथल्या बंदरातल्या माणसांकडून ऐकलं. रेनातो सोरू प्रदेशाचा अध्यक्ष असताना २००४ मध्ये किनाऱ्यापासून दोन किलोमीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी घातली गेली. २००६ मध्ये १४ मीटरहून लांब बोटींवर कर बसला. तो कर पुढे न्यायालयांत टिकला नाही. पण तो असताना बोटी कॉर्सिकाकडे वळल्या, असं दुकानदार अजून कुरकुरत सांगतात. आणि तेव्हा ऑगस्टमध्येही पाणी स्वच्छ होतं, असं मच्छीमार सांगतात. दोघंही एकाच धक्क्यावर बसतात.

आजींना मात्र खाडी, वाळू, पाणी यात रस नव्हता. “गॅरिबाल्डीचं बेट कुठलं?” हा त्यांचा पहिल्या दिवसापासूनचा प्रश्न. त्यांच्या वडिलांच्या कपाटात सावरकरांचं मॅझिनीचं पुस्तक होतं. १९०७ साली निघालेल्या त्या पुस्तकाने इटलीचे हे दोघं क्रांतिकारक महाराष्ट्रातल्या घराघरांत नेले. गॅरिबाल्डीचं बेट म्हणजे काप्रेरा. त्याचा उल्लेख पाहुण्यांच्या कागदावर असायचा, पण तो काला कोतिच्चोच्या हिरव्यानिळ्या पाण्यासाठी. गॅरिबाल्डीच्या घरासाठी कुणी विचारल्याचं माझ्या आठवणीत नाही. घरच्यांना उन्हात चढ चढायचा नव्हता. कॅप्टनने मला सांगितलं, तू जा त्यांच्याबरोबर, भाषा तुला येते.

ला मादालेनाच्या बंदरात टेंडर लावलं, टॅक्सी केली, पुलावरून काप्रेरावर गेलो. एवढ्या उन्हाळ्यांत त्या बेटाला मी कितीदा वळसा घातला होता, पण त्याच्या मातीला असा वास आहे हे माहीत नव्हतं. पाइनचा चीक, उन्हाने तापलेला ग्रॅनाइट, आणि एक औषधी, कडवट काहीतरी. गॅरिबाल्डीने १८५५ मध्ये या बेटाचा अर्धा भाग विकत घेतला, दक्षिण अमेरिकेत पाहिलेल्या घरांसारखं बसकं पांढरं घर बांधलं, शेती केली. गाढवांना म्हणे त्याने आपल्या शत्रूंची नावं ठेवली होती. एक गाढव पोप होता. १८६७ मध्ये मुलगी झाली तेव्हा लावलेला पाइन अंगणात आहे. ज्या खोलीत तो गेला तिथली दिनदर्शिका २ जून १८८२ वर थांबवलेली.

बाहेर त्याची कबर, ओबडधोबड ग्रॅनाइटच्या शिळेखाली. त्याची इच्छा वेगळी होती. मला उघड्यावर, सुगंधी लाकडांच्या चितेवर जाळा, असं त्याने लिहून ठेवलं होतं. मी फलकावरचं वाचून सांगितलं. आजींनी आजूबाजूला पाहिलं.

“लाकडं होती, जागा होती, सांगून ठेवलं होतं. मग?”

“पुढाऱ्यांना नको होतं, आजी. पुरला.”

“ह्यांच्याकडेही तसंच का,” त्या म्हणाल्या आणि पाण्याची बाटली मागितली. परतताना टॅक्सीत त्यांनी विचारलं, तू कधी असा खाली उतरतोस की नाही? उतरतो, म्हटलं. किराणा आणायला, कचरा टाकायला, आणि शनिवारी चादरी धुवायला द्यायला.

कामगार म्हणून या जगाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. खोली दोघांत एक, बंक अरुंद, झोप तुटक. हंगामात आठवड्याचे दिवस कळत नाहीत. शनिवारी एक पार्टी उतरते, रविवारी दुसरी चढते. मधल्या चोवीस तासांत बोट अशी करायची की आधी इथे कुणी राहिलंच नव्हतं. बक्षिसी चांगली मिळते आणि ती सगळ्यांत सारखी वाटतात, ही रीत मला आवडते. मालवाहू जहाजावर समुद्र कसा दिसतोय हे कुणी विचारत नाही. इथे विचारतात, आणि उत्तर द्यायच्या नादात आपणही कधीकधी बघतो. इंजिनिअरने एकदा काब्रासची बोत्तार्गा आणली, मिठात वाळवलेली मलेटची गाबोळी. रात्री अकराला क्रू-मेसमध्ये त्याने ती तव्यावर जराशी शेकून भातावर किसली. दोघांनीही घरची आठवण काढली नाही. भात संपला.

आजींच्या त्या आठवड्यात माएस्त्रालेने आम्हाला दोन रात्री काला दी व्होल्पेत बांधून ठेवलं. बोनिफाचो झालं नाही. शेवटच्या सकाळी कॅप्टनने हिशेबाची वही आणि पावत्यांचं पाकीट आजींच्या मुलापुढे ठेवलं. त्याने आकडे वरपासून खालपर्यंत पाहिले. डिझेलचा आकडा अंदाजाहून बराच कमी होता, चांगली रक्कम परत मिळत होती. तरी तो जरासा नाराज दिसला.

“आपण फारसं हिंडलोच नाही,” तो म्हणाला. “पुढच्या वर्षी अख्ख्या बेटाला वळसा घालू. आठवडाभरात होईल ना?”

कॅप्टनने चहाचा कप खाली ठेवला. “फार सुंदर कल्पना आहे,” तो म्हणाला. “जूनमध्ये या. मी तुमच्यासाठी पूर्व किनाऱ्यावर दोन-तीन खाड्या शोधून ठेवतो.”

आजींनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या बॅगा उचलल्या.